मेहरीची पावडर

तेहरानकडच्या सावे शहराच्या वरच्या अंगाला, डाळिंबांच्या बागांत बुडालेल्या त्या गावात मेहरअंगीजला पूर्ण नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानपणी ती मेहरी होती. आराकहून रसायनशास्त्र शिकून आली तेव्हा चार दिवस बाईसाहेब झाली. आणि कारखान्यासाठी डाळिंबाच्या सालींची पोती गोळा करत दारोदार हिंडू लागली, तेव्हापासून ती झाली सालवाली मेहरी. ती स्वतः त्या नावाला हसायची. तिच्या थोरल्या भावाला मात्र ते खपत नसे.

"दाणे काय, चिमण्यापण खातात," सैफुल्ला चहाच्या दुकानात बसून सगळ्यांना सुनवायचा. "माझ्या बहिणीनं साल कामाला लावली. हसा लेको. उद्या दात हलायला लागले की तिच्याच दारात याल."

सैफुल्ला तिच्याहून खूप मोठा. वडील गेले तेव्हा मेहरी रांगत होती आणि त्याला नुकती मिसरूड फुटली होती. त्यानं शाळा सोडली, फावडं उचललं आणि बाग सांभाळली. बहिणीला खांद्यावर बसवून पाण्याच्या पाळीला जायचा, पाटाच्या काठी तिला गोधडीत गुंडाळून ठेवायचा आणि स्वतः गुडघाभर चिखलात उभा राहून पाणी वळवायचा. त्याला ती दादाश म्हणायची, म्हणजे आपल्याकडे दादा म्हणावं तसं; पण त्या हाकेत बापही होता. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला त्यानंच तिला निळ्या पिकअपमधून नेलं. मागे डाळिंबाच्या पेट्या, पुढे ही, मांडीवर पुस्तक. त्याच सुमाराला हमादानच्या एका घरातून तिला मागणी आली होती. सैफुल्लानं त्या लोकांना चहा पाजला, वाटीभर दाणे सोलून दिले आणि म्हणाला, "परीक्षा संपू द्या, मग या." परीक्षा संपली, पदवी झाली, नोकरी लागली, ते काही परत आले नाहीत. मेहरीही कुणाची वाट बघत बसली नाही. भावाच्याच अंगणात, तुतीच्या झाडाखाली दोन खोल्या घालून राहिली. भावजय तूबा आणि भाची अर्गवान यांच्या संसारात तिचा संसार मिसळून गेला.

कारखाना शहराबाहेरच्या वसाहतीत होता. मालक पारसापूर, त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. आधी तो डाळिंबाचा रस काढून बाटल्यांत भरायचा. रस काढला की सालींचे डोंगर उरत. त्यांतल्या थोड्या लोकर रंगवणारे नेत, बाकीच्या कुजत. मेहरीनं त्याला पटवलं की खरा माल तुम्ही फेकताय. सालीत जो तुरटपणा आहे, ज्यानं जीभ आकसते, तोच तिला हवा होता. साली सावलीत वाळवायच्या, उन्हात नाही. जाडसर दळायच्या. पाणी आणि अल्कोहोल यांत भिजत ठेवायच्या, गाळायच्या आणि तो काढा बंद भांड्यात हवा ओढून घेऊन मंद आचेवर आटवायचा, म्हणजे करपत नाही. मग त्यातली साखर वेगळी काढायची. शेवटी हाताला लागायची ती हळदीला काळोखी आल्यासारखी दिसणारी बारीक पावडर. चिमूटभर जिभेवर ठेवली तर तोंड आकसून जायचं.

अल्कोहोलच्या कोठीला सरकारी सील असायचं. मोजून मिळायचं, मोजून वापरायचं. सैफुल्लाला हा विषय फार आवडायचा. "मी मशिदीत पहिल्या रांगेत," तो म्हणायचा, "आणि माझी बहीण डाळिंबं दारूत बुडवते. अल्ला हिशेब कुणाच्या नावावर मांडणार, तूबा?"

"तुमच्याच," तूबा म्हणायची. "साली तुम्हीच पुरवता."

पावडर नीट जमायला बरीच वर्षं गेली. हिरड्या सुजतात, रक्त येतं, त्यावर तिच्या गुळण्यांचा उपयोग होतो हे मेहरीनं शहरातल्या दंतवैद्यांबरोबर बसून पाहिलं होतं. तेवढं ती खात्रीनं सांगायची. बाकी जे लोक बोलत, रक्तदाब उतरतो, सांधे मोकळे होतात, त्यावर ती म्हणायची, "बघू या. अजून बघायचंय." पण पहिली स्वच्छ पावडर घेऊन ती घरी आली त्या दिवशी तिनं बाटली भावाच्या हातावर ठेवली होती. सैफुल्लानं ती उजेडाकडे धरली, झाकण काढून वास घेतला आणि कोनाड्यात कुराणाशेजारी ठेवून दिली. मेहरीला तेव्हा बरं वाटलं होतं.

तोडणी संपत आली की शहरात डाळिंबाचा उत्सव भरतो. एका वर्षी इंजिनिअरनं मेहरीला मंचावर बोलायला उभं केलं. ती घाबरली होती. डोक्यावरून घेतलेली काळी चादर सावरत, माईकपासून लांब उभी राहून ती बोलली. सालीत काय असतं, ते कसं काढतात, कशाला उपयोगी पडतं. बोलता बोलता म्हणाली, "या अर्कानं कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते असं संशोधकांनी पाहिलंय. पण ते काचेच्या ताटलीत. माणसाच्या शरीरात काय होतं, ते आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सैफुल्ला पुढच्या रांगेत होता. टाळ्या थांबल्यावरही त्याचे दोन्ही हात तसेच एकमेकांत राहिले होते.

अर्गवाननं ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. बागेतल्या डाळिंबांचा रस आटवून केलेला रुब ती फोनवरून विकायची. दाट, काळपट, आंबट-गोड असा तो रुब दूरदूरच्या शहरांत जायचा. गिऱ्हाइकांना दाखवायला तिनं आत्याच्या भाषणाचा एक तुकडा लावला. लहानसाच. तो "पाहिलंय" या शब्दावर संपत होता.

मेहरीनं तो पाहिला तेव्हा ती दारात उभी होती. तिथंच उंबऱ्यावर बसली.

"अर्गवान, पुढचं कुठे गेलं?"

"आत्या, लांबलं की कुणी बघत नाही. मला थोडंच हवं होतं."

"जे कापलंस ना, तेच मला सांगायचं होतं."

पोरीला वाईट वाटलं. तिनं लगेच तो तुकडा काढून टाकला. पण तोवर तो कोमच्या मावशीकडून काशानच्या जावेकडे, तिथून कुणाच्या तरी जर्मनीतल्या मुलाकडे गेला होता आणि फिरून गावातल्याच मश्दी रहमतच्या फोनवर येऊन पडला होता. आता त्यावर लाल अक्षरांत काहीबाही लिहिलेलंही होतं. लोक कर्करोगावर पावडर मागायला कारखान्याच्या फाटकाशी येऊ लागले. मेहरी इंजिनिअरकडे गेली. म्हणाली, आपण एक निवेदन काढू, की हे कर्करोगाचं औषध नाही.

"आपण कुठे म्हटलंय, औषध आहे म्हणून?" इंजिनिअर म्हणाला. "बाटलीवर बघा. लिहिलंय ना?"

"एवढ्याश्या अक्षरांत लिहिलंय."

"मग भिंग घ्यावं लोकांनी. मेहरअंगीजबाई, लोकांच्या तोंडाला मी कुलूप लावू? काढू निवेदन. हंगाम जाऊ दे."

हंगाम गेला. पुढचा आला. निवेदन निघालं नाही. मेहरी फाटकाशी येणाऱ्यांना स्वतः सांगायची. ते मान हलवायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली घेऊन जायचे.

आणि मग सैफुल्ला झाडांआड जास्त वेळ उभा राहायला लागला.

हे तूबानं सांगितलं, तेही भाकरी भाजता भाजता, मेहरीकडे न बघता. लघवीला जातात आणि येतच नाहीत. कधी लाल होते म्हणतात, वरून हसतात, डाळिंब जास्त खाल्लं म्हणतात. मेहरीनं भावाला पिकअपमध्ये बसवलं आणि तेहरानला नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर विसाली म्हणून एक शांत, म्हातारपणाकडे झुकलेले गृहस्थ होते. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लघवीच्या पिशवीखाली जी ग्रंथी असते तिथं कर्करोगाची गाठ आहे. अजून जागच्या जागी आहे, बाहेर पडलेली नाही. आता काढली तर बरं होण्याची चांगली आशा आहे. मग त्यांनी, एका चांगल्या माणसानं सांगावं तसं, पुढचंही सांगितलं. ऑपरेशननंतर काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, कुणाकुणाला तो त्रास कायमचा राहतो. नवराबायकोच्या संबंधातही फरक पडू शकतो.

सैफुल्ला टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. बहीण शेजारी बसलेली. त्याचे कान लाल झाले.

परतीच्या वाटेवर गाडी तोच चालवत होता. वाटेत चहाला थांबले तेव्हा त्यानं साखरेचा खडा दातांत धरला, पेला संपवला आणि मग म्हणाला, "तुझी पावडर घेईन मी."

"दादाश, ती याच्यासाठी नाही."

"तू मंचावरून बोललीस."

"ते अर्धंच फिरतंय. तू तर पूर्ण ऐकलंयस, समोर बसला होतास."

"ऐकलंय ना. काचेच्या ताटलीत म्हणालीस. मग? ताटलीत होतं ते पोटात का होऊ नये? माझं पोट काय ताटलीहून वाईट?"

"ताटलीत पेशी असतात आणि वर थेट अर्क. पोटात गेलं की ते पचतं, तुटतं, बदलतं. गाठीपर्यंत पोचतं की नाही, किती पोचतं—"

"म्हणजे नाही पोचत, असंही तुला ठाऊक नाही."

मेहरीला खरंच ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. तिनं आयुष्यभर जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असंच म्हणायची सवय लावून घेतली होती, आणि आता तीच सवय तिच्या भावानं काठीसारखी हातात धरली होती.

"नाही पोचत," ती शेवटी म्हणाली.

"आता खोटं बोलतेयस," सैफुल्ला म्हणाला आणि उठून पैसे द्यायला गेला.

खरं कारण तूबाकडून कळलं. "म्हणतात, ओला पायजमा घालून मशिदीत कसा उभा राहू? सगळं आयुष्य पहिल्या रांगेत गेलं. आणि दुसरं जे डॉक्टर म्हणाले, ते तू, त्यांच्या बहिणीनं ऐकलंस, यानंच ते मेल्याहून मेल्यासारखे झालेत." तूबानं डोळे पुसले. "मी म्हटलं, मला काही नको, तुम्ही हवे. तर म्हणतात, तुला नको असेल, मला माझी लाज हवी."

मेहरीनं सगळं करून पाहिलं. घरी पावडर आणायची बंद केली. मग सैफुल्ला बाजारातून आणू लागला. तिनं दुकानदाराला दटावलं, तेव्हा सैफुल्लानं रुबाची तांब्याची मोठी कढई अंगणात मांडली आणि आगा मोहम्मदअली जातीच्या गोड डाळिंबांच्या साली उकळायला लागला. काळा काढा पेलेच्या पेले प्यायचा. पोट दगडासारखं झालं, आठ-आठ दिवस मोकळं होईना, तेव्हा म्हणाला, "बघ, अंगाला लागतंय." मश्दी रहमत आपल्या बागेतल्या साली पोत्यानं आणून द्यायचा. अर्गवान रडली, बापाच्या पाया पडली, म्हणाली, बाबा, मी तो तुकडा कापला, माझी चूक आहे. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू कापलास म्हणून मी ऐकत नाही, वेडे. मी माझ्या बहिणीचं ऐकतोय."

शेवटी मेहरीनं मुद्दाम खोटं बोलायचं ठरवलं. एका दुपारी त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "दादाश, मी वाचलंय. अर्क लागू पडतो, पण ऑपरेशन झाल्यावरच. गाठ काढली की मग उरलंसुरलं तो संपवतो. आधी घेऊन उपयोग नाही."

सैफुल्ला तिच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, अगदी पोट धरून.

"काय झालं?"

"कान सोड," तो म्हणाला.

तिचा हात कानाच्या पाळीला होता. लहानपणापासून खोटं बोलताना ती कानाची पाळी ओढायची, आणि तिला ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडी रक्ततपासणी झाली आणि ज्या आकड्यावरून डॉक्टर रोग जोखत तो थोडा खाली आला होता. फार नाही, थोडा. असे आकडे वरखाली होतात हे मेहरीला माहीत होतं. पण सैफुल्लानं तो कागद खिशात घालून गावभर फिरवला. तूबाला सांगून केशरी भाताची खीर केली, वर दालचिनीनं अल्लाचं नाव काढलं आणि घरोघर वाट्या पाठवल्या. मेहरीनं डॉक्टर विसालींना फोन लावून भावाच्या हातात दिला. डॉक्टर म्हणाले, असे चढउतार होतात, यावर विसंबू नका, वेळ जातोय. सैफुल्लानं फार अदबीनं ऐकून घेतलं. त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली, बागेत यायचं निमंत्रण दिलं, डाळिंबांची पेटी पाठवतो म्हणाला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "माणूस चांगला आहे. पण त्याचा धंदाच कापायचा."

"आणि माझा धंदा काय?" मेहरी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "मी काढते ती पावडर. मीच सांगतेय, नको घेऊस. सगळ्या जगात ही पावडर माझ्याइतकी कुणाला कळत नाही असं तूच सांगत फिरतोस ना? मग मी सांगते तेवढंच का नाही ऐकत?"

सैफुल्लानं तपासणीचा कागद घडी करून परत खिशात घातला. मग म्हणाला, "कारण तू घाबरलीयस, मेहरी. घाबरलेल्या माणसाचं ऐकायचं नसतं. मी तुला पाटाकाठी ठेवायचो तेव्हा तूसुद्धा बेडकांना घाबरायचीस, मग मी काय तुला घरी न्यायचो?"

जोराजोरी करून नेण्याइतका तो लहान नव्हता आणि सोडून देण्याइतका परका नव्हता. मेहरी रोज कारखान्यात जायची, भांड्यात फेसाळत आटणारा तो काढा काचेतून बघायची. आधी तिला तो बघताना समाधान वाटायचं. आता ती नजर वळवायची.

वसंतात बागेला पाणी देताना सैफुल्लाची कंबर धरली. फावड्यानं भरली असेल म्हणाला. तूबानं गरम विटेनं शेकलं. मग एका सकाळी नमाजाला वाकला तो उठेना. त्याला चटईसकट उचलून गाडीत घातलं. तेहरानला फोटो निघाले. रोग कण्यात उतरला होता, कमरेच्या हाडांत उतरला होता. डॉक्टर विसाली रागावले नाहीत. ते रागावले असते तर मेहरीला बरं वाटलं असतं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता काढण्यासारखं काही नाही. पण दुखणं कमी करता येईल. दिवस वाढवता येतील."

इंजेक्शनं सुरू झाली, कण्यावर किरण दिले. सैफुल्लानं आता कशालाच नाही म्हटलं नाही. आणि खरोखर त्याला एक चांगला उन्हाळा मिळाला. दुखणं ओसरलं, काठी टेकत बागेत जाऊ लागला, फुलं किती धरली ते बघू लागला. डाळिंबाच्या फळात शिरणारी अळी त्या वर्षी फार होती. फळांच्या तोंडाशी अडकलेले पुंकेसर तो बसल्या बसल्या बोटानं काढायचा, म्हणजे अळीच्या पतंगाला अंडी घालायला जागा राहत नाही. खाटेवर पडल्यापडल्या सगळ्या बागेचा कारभार हाकायचा. आणि या सगळ्याचं श्रेय तो पावडरीला द्यायचा.

दवाखान्यात तर त्याला सभाच मिळाली. वॉर्डातले लोक, त्यांचे मुलगे, बायका. "ही माझी बहीण," तो सांगायचा. "हिच्यामुळे मी आज आहे. नाहीतर डॉक्टरनं मला केव्हाच कापला असता." सगळे तिच्याकडे वळायचे. कसल्या त्या नजरा. पाण्यात पडलेल्या माणसानं काठावरच्या माणसाकडे बघावं तशा. मेहरीनं एकदा तोंड उघडलं. सांगायचं होतं, माझा भाऊ वेळेवर आला असता तर बागेत काम करत असता. पण सैफुल्ला उशीवरून तिच्याकडे बघत होता. त्या चेहऱ्यावर उत्सवाच्या दिवशी होता तोच अभिमान होता, आता गालफडं बसल्यामुळे डोळ्यांत गोळा झालेला. तेवढं एकच त्याच्याकडे उरलं होतं. ते हिरावून घ्यायचं तिला जमलं नाही.

"डॉक्टरांचं औषध मात्र सोडू नका," ती एवढंच म्हणाली. लोकांनी मान हलवली. ते पुढचं ऐकायला थांबले होते. पुढचं काही आलं नाही.

तोडणीच्या थोडं आधी सैफुल्लाची तब्येत पुन्हा खालावली, आणि या वेळी ती सावरली नाही. शेवटच्या आठवड्यात एकदा शुद्ध चांगली होती. तूबा भाकरी करायला गेली होती, मेहरी त्याचे पाय दाबत होती.

"मेहरी, तू वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "तुझं औषध चांगलं होतं. माझा रोगच हट्टी निघाला."

"दादाश, औषध नव्हतंच ते."

"बरं."

"मी तुला हातपाय बांधून न्यायला हवं होतं."

"तू?" सैफुल्ला हसला. हसताना खोकला आला. "फावडं उचलवत नाही तुला."

थोड्या वेळानं म्हणाला, "आपल्या घराण्यात कुणी शाळासुद्धा पुरी केली नव्हती. तू एवढं शिकलीस. कुणाच्या तरी पोटात तुझं औषध जायलाच हवं होतं ना. पहिलं माझ्या गेलं." त्यानं डोळे मिटून घेतले. मेहरी पाय दाबत राहिली. तिला ओरडावंसं वाटलं, म्हणजे तू हे माझ्यासाठी केलंस का, लाजेसाठी केलंस का, भीतीनं केलंस का. पण त्यालाही ते वेगळं करून सांगता आलं नसतं. आणि तो झोपला होता.

तो गेल्यावर सातव्या दिवसाच्या जेवणाला सगळं गाव आलं. मशिदीच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. बायकांच्या बाजूला मेहरी चहा देत होती तेव्हा मश्दी रहमतची बायको सफिये तिला हाताला धरून भिंतीकडे घेऊन गेली. म्हणाली, उजव्या छातीत गाठ आहे. मटारच्या दाण्याएवढी होती, आता अक्रोडाएवढी झाली. "थोडी पावडर दे ना, मेहरी. दुकानातली नको. भावाला द्यायचीस ती."

मेहरीनं हातातलं ताट खाली ठेवलं. ज्या बाईच्या नवऱ्यानं सालींची पोती आणून दिली होती तीच ही बाई, भावाचं कफन अजून नवं असताना, त्याच पावडरीसाठी पदर पसरत होती. "सफिये, माझा भाऊ मेला," ती म्हणाली. "आज त्याचं जेवण जेवलीस तू."

"हो ना. पण किती दिवस निघाले त्याचे. डॉक्टर तर म्हणाले होते..."

डॉक्टर काय म्हणाले होते ते मेहरीनं सांगितलं. तिथंच उभी राहून, शांतपणे, पहिल्यापासून. सफियेनं ऐकलं आणि तिचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला. "द्यायची नसेल तर नको देऊ बाई," ती म्हणाली. "भावासाठी होती, आमच्यासाठी नाही, एवढंच ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरी पिकअप घेऊन सफियेच्या दाराशी गेली आणि हॉर्न वाजवत राहिली. शेजारी बाहेर आले. मश्दी रहमत शरमला. "जा गं," तो बायकोला म्हणाला, "ही काही ऐकायची नाही." सफिये बसली. रस्ताभर रुसून होती. पण गेली. आणि त्या गाठीचं वेळेत ऑपरेशन झालं, औषधं झाली. तिचे केस गेले. पुढच्या वर्षी परत आले, आधीपेक्षा कुरळे.

तोवर मेहरीनं इंजिनिअरला सांगून टाकलं होतं की मी आता फक्त गुळण्यांचा अर्क काढीन. पोटात घ्यायच्या पावडरीच्या बाटल्या भरायच्या असतील तर दुसरं माणूस बघा. त्यानं दुसरं माणूस बघितलं. एक हुशार, विनयशील मुलगी होती. मेहरीनंच तिला काम शिकवलं होतं. बाटल्या भरल्या जात राहिल्या.

पुढच्या शरदात तूबाच्या अंगणात रुब करायला बायका जमल्या. कढई तीच. एकीनं दाणे तुडवावेत, दुसरीनं रस गाळावा, मेहरी लांब दांड्याच्या उलथण्यानं रस ढवळत होती. सफिये दाणे सोलत होती आणि बोलत होती. शेजारच्या गावातल्या दोन-तीन बायकाही आल्या होत्या, त्यांना सांगत होती.

"दवाखान्यात मेहरीनं नेलं हे खरं. पण वाचवलं तिच्या पावडरीनं. मी बाजारातून मागवायची. डॉक्टरला कळू दिलं नाही, हिलाही नाही. रोज सकाळी चमचाभर."

उलथणं थांबलं.

"सफिये," मेहरी म्हणाली, "तुझी गाठ डॉक्टरांनी कापून काढली. नसतीस घेतली पावडर तरी तू आज इथं बसली असतीस. उलट त्या औषधांबरोबर असलं काही घेतलंस, त्यानं घोटाळा झाला असता तर?"

"पण झाला नाही ना," सफिये म्हणाली. मग बायकांकडे वळून मायेनं म्हणाली, "बघा, ही अशी आहे. स्वतःच्या हातचं कधी मोठं म्हणून सांगायची नाही. ते सगळं भाऊच सांगायचा बिचारा."

बायकांनी मेहरीकडे कौतुकानं पाहिलं. एकीनं तर उठून तिच्या हातातलं उलथणं घेतलं, बसा म्हणाली, दमला असाल. कढईखालचं लाकूड तडतडत होतं. रस कडेनं चिकटायला लागला होता. मेहरी बाजूला झाली, पायरीवर बसली. तूबा घरातून तिच्याकडे बघत होती.

शेजारच्या गावातली एक तरुण बाई सरकत सरकत तिच्याजवळ आली. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती, आत मोठ्या पाकिटात कसलेसे फोटो.

"सासरे आहेत माझे," ती हळूच म्हणाली. "पोटात आहे म्हणतात. दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. सैफुल्लांचं त्यांनी ऐकलंय. म्हणतात, सावेच्या त्या बाईची पावडर आण, बाकी काही नको. दिवसातून किती वेळा द्यायची?"

मेहरीनं तिच्याकडे पाहिलं. मग हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. रुबाचा रंग लवकर जात नाही, ती घासत राहिली.

"घरीच आहेत का ते आता?"

"हो."

"चल. मी येते त्यांच्याशी बोलायला."

"तुमचं ऐकतील ते?" बाईच्या आवाजात आशा होती.

"माहीत नाही," मेहरी म्हणाली, आणि दोरीवरची चादर ओढून घेऊन तिच्याबरोबर निघाली.